वजन तेच, गट वेगळा : नॅप्रोक्सेन प्रकल्पाच्या नोंदी

१२ जुलै २०२३

विषय एकदाचा ठरला. नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक औषध घ्यायचं, त्याच्या टोकाचा कार्बोक्सिल गट काढायचा आणि तिथे १,३,४-ऑक्साडायाझोल-२-थायोनचं पाच अणूंचं कडं बसवायचं. बाकी रेणूला हात लावायचा नाही. औषधात एक गट काढून त्याच्यासारखंच वागणारा दुसरा बसवायचा, याला बायोआयसोस्टेरिक बदल म्हणतात. एम. फार्म.च्या प्रकल्पाला एवढं काम पुरे आहे, असं सर म्हणाले.

सर मूळचे बैलहोंगलकडचे, घरी कन्नड. माझ्याशी मराठीत बोलतात. त्यांनी एकच प्रश्न विचारला : "कार्बोक्सिल काढणार, बरं. पण तो तिथं काय काय कामं करतोय, ते सांग आधी." मी म्हटलं, आम्ल आहे. "हौदा? ते झालं एक. पुढं?" दोनाच्या पुढे मला जाता आलं नाही. उद्या पूर्ण लिहून आणायचं आहे.

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. वडगावला पोचेपर्यंत वही भिजली, म्हणून ही पानं नव्या वहीत.

१३ जुलै

रात्री बसून लिहिलं. नॅप्रोक्सेनचा पीकेए, म्हणजे आम्लाचा जोर सांगणारा आकडा, ४.२ च्या आसपास आहे. रक्ताचा पीएच ७.४. म्हणजे रक्तात हजारातला एखादाच रेणू प्रोटॉन धरून असतो, बाकी सगळे ऋणभारित. हा ऋण भार सायक्लोऑक्सिजनेस (सीओएक्स) एन्झाइमच्या, म्हणजे हे औषध ज्याला अडवतं त्याच्या, बोगद्यात १२० व्या जागेवरच्या आर्जिनिन या अमिनो आम्लाला धरतो, आणि शेजारचं ३५५ वं टायरोसिन त्याला हायड्रोजन बंध देतं. हे मुख्य काम. याच भारामुळे सोडियम क्षार बनतो आणि गोळी लवकर विरघळते. रक्तातल्या अल्ब्युमिनला जवळजवळ सगळं औषध चिकटून फिरतं, त्यातही याचा हात आहे. यकृताला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून औषध बाहेर काढायचं असतं, तेव्हा तेही इथेच येऊन जोडलं जातं.

आणि पोटातलं काम. जठराच्या आम्लात हा गट प्रोटॉन धरून बसतो, भार नसतो, म्हणून रेणू अस्तराच्या पेशीत सहज शिरतो. पेशीच्या आत पीएच सातच्या जवळ. तिथे प्रोटॉन सुटतो, भार येतो आणि मग त्याला बाहेर पडता येत नाही. औषध पेशीत अडकतं आणि पेशी दुखावते.

सर वाचून गप्प बसले. मग म्हणाले, नवा गट तेवढाच आम्ल असेल तर तोही पेशीत अडकणार. तेवढा आम्ल नसेल तर आर्जिनिनला कोण धरणार? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय पोटाचं निम्मं दुखणं स्थानिक नाहीच. सीओएक्स-१, म्हणजे सायक्लोऑक्सिजनेसचं एक रूप, बंद पडलं की अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन्स बनत नाहीत, औषध तोंडातून द्या की सुईने. पिरॉक्सिकॅममध्ये कार्बोक्सिल मुळीच नाही, तिथे एनॉल आम्लाचं काम करतो, तरी ते पोटाला त्रासदायक औषधांतच मोजलं जातं.

म्हणून प्रस्तावातलं 'पोटाला सुरक्षित नॅप्रोक्सेन' हे वाक्य मी आज खोडलं. अशी वाक्यं प्रबंधांच्या पहिल्या पानावर सर्रास दिसतात आणि मला ती खटकतात. आधार दुसरा आहे. १९९३ मध्ये फेनामेट गटाच्या औषधांवर नेमका हाच बदल करून पाहिला गेला आणि मिळालेल्या काही रेणूंनी सायक्लोऑक्सिजनेसबरोबर ५-लिपॉक्सिजनेस हे दुसरं एन्झाइमही अडवलं. एकच वाट बंद केली तर अ‍ॅराकिडॉनिक आम्ल दुसऱ्या वाटेने ल्युकोट्राइन्सकडे वळतं, आणि तीही दाह वाढवतात. दोन्ही वाटांना अडथळा घालता आला तर त्याला अर्थ आहे. नॅप्रोक्सेनच्या सांगाड्यावर हे कडं बसवायचं, आम्लपणा किती टिकला ते मोजायचं आणि रेणू शुद्ध आहे हे सिद्ध करायचं. माझा प्रकल्प एवढाच.

२१ जुलै

वाचनालयात दिवस गेला. १९१९ मध्ये लँगम्यूरने सांगितलं की ज्या रेणूंत इलेक्ट्रॉनांची संख्या आणि रचना सारखी, त्यांचे गुणही सारखे. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघांत १४-१४, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड दोघांत २२-२२. १९२५ मध्ये ग्रिमने नियम मांडला : अणूला एक हायड्रोजन जोडला की तो तक्त्यातल्या पुढच्या अणूसारखा वागू लागतो. म्हणून ऑक्सिजनच्या जागी एनएच, फ्लोरिनच्या जागी ओएच. 'बायोआयसोस्टेर' हा शब्द फ्रीडमनचा, १९५१ चा.

पाठ करायला सोपं आहे. ग्रिमच्या ओळींचा तक्ता टेबलासमोर चिकटवला.

२९ जुलै

सिमेटिडिनची गोष्ट आज पहिल्यांदा नीट कळली. पदवीला आम्ही ती दोन ओळींत उरकली होती.

इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक यांच्या गटाला जठरातलं आम्ल कमी करणारं औषध हवं होतं. हिस्टामिनच्या इमिडाझोल कड्यापासून निघून ते बुरिमामाइडपर्यंत आले, पण तोंडाने दिल्यावर त्याचा जोर पडेना. मग साखळीतल्या एका सीएच२ च्या जागी गंधक घातलं आणि कड्यावर एक मेथिल. मेटियामाइड तयार झालं आणि उत्तम चाललं. पण काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू लागल्या. संशय रेणूतल्या थायोयुरिया गटावर गेला. तो बदलायचा तर सरळ उपाय ग्वानिडिन : गंधकाच्या जागी एनएच, ग्रिमच्या पठडीतलाच बदल. आकार तोच राहतो. पण ग्वानिडिन जबरदस्त आम्लारी आहे, शरीरात ते कायम प्रोटॉन घेऊन धनभारित बसणार, आणि थायोयुरियावर तर भार नसतो. म्हणजे जागेवर बसतो पण काम निराळं करतो, असा गडी.

पुढची चाल फार सुंदर आहे. त्यांनी ग्वानिडिनच्या नायट्रोजनवर सायनो गट लावला. सायनो इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, नायट्रोजनला प्रोटॉन धरायला काही उरत नाही आणि आम्लारीपणा जवळजवळ नाहीसा होतो. सायनोग्वानिडिन सपाट, भाररहित, थायोयुरियासारखंच ध्रुवीय. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडिन बाजारात आलं. पोटाच्या व्रणासाठी ऑपरेशन करायची वेळ पुढे कितीतरी लोकांवर आली नाही. ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

त्यानंतर रॅनिटिडिनमध्ये इमिडाझोलचं कडंच काढून फ्युरान बसवलं. इमिडाझोलचा नायट्रोजन यकृतातल्या सायटोक्रोम एन्झाइमच्या लोहाला धरायचा, त्यामुळे सिमेटिडिन इतर औषधांच्या निचऱ्यात अडथळा आणत असे. तो त्रास बराच कमी झाला.

पहाटे उठून सरांच्या प्रश्नाखाली हे सगळं लिहिलं.

६ ऑगस्ट, रविवार

आप्पांची रक्तदाबाची गोळी आणायला खडेबाजारला गेले होते. पाकिटावर 'लोसार्टन पोटॅशियम ५०'. इतकी वर्षं मीच आणते, पण पोटॅशियम कुठे बसलंय हा विचार कधी केला नव्हता. ते टेट्राझोलवर आहे. चार नायट्रोजन आणि एक कार्बन यांचं कडं, ज्याचा एनएच जवळपास कार्बोक्सिलइतकाच आम्ल. तो प्रोटॉन सोडतो आणि त्या जागी पोटॅशियम येतं. आधीच्या रेणूत इथे कार्बोक्सिल होता आणि तो तोंडाने दिल्यावर नीट लागू पडत नव्हता. टेट्राझोलच्या कड्यावर ऋण भार चारही नायट्रोजनांत पसरतो, त्यामुळे रेणू तेवढाच आम्ल राहूनही चरबीच्या पडद्यातून पार व्हायला सोपा. अमेरिकेत १९९५ मध्ये लोसार्टनला मान्यता मिळाली.

पुढची गंमत यकृतात. रेणूच्या दुसऱ्या टोकाला एक अल्कोहोल गट आहे. यकृत त्याचं ऑक्सिडीकरण करून कार्बोक्सिल बनवतं आणि तो पदार्थ मूळ लोसार्टनपेक्षा कितीतरी जोरदार निघतो. आपण एका ठिकाणचा कार्बोक्सिल काढला आणि शरीराने दुसऱ्या ठिकाणी स्वतः बनवला. याच घराण्यातल्या टेल्मिसार्टनमध्ये टेट्राझोलच्या जागी पुन्हा साधा कार्बोक्सिलच आहे आणि तेही चांगलं चालतं. अझिलसार्टनमध्ये त्याच जागी ऑक्साडायाझोलोन, म्हणजे माझ्या कड्याचा जवळचा भाऊबंद.

आप्पांना कागदावर काढून दाखवलं. माग चालू होता, मोठ्याने बोलावं लागलं. ते म्हणाले, "म्हंजे ह्ये आमच्या आर्ट सिल्कसारखंच झालं की." नंतर बोलू म्हणाले, कांडी संपत आली होती.

२२ ऑगस्ट

पायऱ्या तीन : नॅप्रोक्सेनचा एस्टर, त्याचं हायड्राझाइड, मग कडं. पहिली झाली, एस्टर तयार. नॅप्रोक्सेन २३ ग्रॅम, मिथेनॉल १५० मिली, संहत सल्फ्युरिक आम्ल २ मिली, सहा तास रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये सोडत उकळणं). बर्फाच्या पाण्यात ओतल्यावर पांढरं घट्ट. धुऊन, वाळवून २१.४ ग्रॅम. काही अडलं नाही.

२ सप्टेंबर

हायड्राझाइडची पायरी. एस्टर १२.२ ग्रॅम, इथेनॉल १०० मिली, ८० टक्के हायड्राझिन हायड्रेट १५ मिली. हायड्राझिन विषारी आहे, हातमोजे आणि हूडशिवाय बाटली उघडायचीच नाही. दहा तास रिफ्लक्स ठरला होता. अकराला मँटल (फ्लास्क तापवायची विजेची शेगडी) लावला. दोनला वीज गेली. जनरेटरवर फक्त दिवे लागतात, मँटल नाही. साडेपाचला वीज आली आणि साडेसहाला प्रयोगशाळा बंद. एकूण चार तास झाले असतील.

तरी मी ते ओतलं. बर्फाच्या पाण्यात पांढरा चोथा खाली बसला. टीएलसी घेतली, म्हणजे पट्टीवर पदार्थ वेगळे करून पाहिले, एस्टरच्या खाली नवा ठिपका दिसला. नॅफ्थॅलिन अल्ट्राव्हायोलेटखाली इतकं चमकतं की वरपासून खालपर्यंत एकच निळा पट्टा झाला होता, माल जास्त लागला होता. मेल्टिंग पॉइंटचा, म्हणजे वितळण्याच्या तापमानाचा, पल्ला दहा अंशांचा आला. ओल राहिली असेल असं समजून ओव्हनमध्ये ठेवलं.

१३ सप्टेंबर

बाहेरून मास स्पेक्ट्रम आला, त्यात रेणूचं वजन कळतं. २४५. माझ्या हायड्राझाइडचं रेणुभार २४४.३, त्यात एक प्रोटॉन. तंतोतंत! सरांना फोन केला. "छान. आयआर?" आयआरच्या, म्हणजे रेणूत कुठले गट आहेत ते दाखवणाऱ्या, यंत्राला रांग आहे, पुढच्या आठवड्यात घेते म्हटलं.

१९ ते २८ सप्टेंबर

गणपती. गल्लीच्या मंडळात आरतीचं ताट माझ्याकडे, कामाला सुट्टी. विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वरच्या तलावावर पहाटेपर्यंत.

५ ऑक्टोबर

आज मोठी पायरी. हायड्राझाइड २.४४ ग्रॅम, पोटॅशियम हायड्रॉक्साइड ०.५६ ग्रॅम, इथेनॉल, आणि कार्बन डायसल्फाइड १.२ मिली.

कार्बन डायसल्फाइडविषयी पुढच्या मुलांसाठी लिहून ठेवते. ४६ अंशांना उकळतं. शून्याखाली ३० अंशांवरही त्याची वाफ ठिणगीने पेटते. आणि ठिणगी नसतानाही ९० अंशांच्या आसपास तापलेल्या पृष्ठभागावर आपोआप पेट घेऊ शकतं. म्हणजे शेजाऱ्याने नुकताच बंद केलेला हॉट प्लेटसुद्धा धोक्याचा. मी आजूबाजूची सगळी टेबलं रिकामी करून घेतली, वॉटर बाथवरच तापवलं. वास कुजलेल्या मुळ्याचा. मामांनी दारातूनच हाक मारली, "काय करायलाईस ग अक्का, गटार फुटल्यागत वास मारायलाय की."

हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो म्हणून कंडेन्सरच्या तोंडातून नळी काढून सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सोडली, आणि मध्ये लेड अ‍ॅसिटेटचा ओला कागद धरला. तो काळा पडायला हवा. फिकट तपकिरी झाला आणि तसाच राहिला. आठ तास झाले. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर भरपूर पांढरा साका बसला. म्हटलं, कागद जुना असेल.

९ ऑक्टोबर

साका वाळला. मेल्टिंग पॉइंट १५२ ते १५४, अगदी नीटस. इतका नीटस की मला आनंद व्हायच्या आधी शंका आली. हा आकडा मी कुठेतरी पाहिला होता. बाटलीवर पाहिला होता.

थोडा साका आणि थोडं बाटलीतलं नॅप्रोक्सेन एकत्र घोटलं आणि नळीत भरलं. दोन वेगळे पदार्थ मिसळले की वितळण्याचं तापमान उतरतं आणि पल्ला पसरतो. उतरलं नाही. १५२ ते १५४. माझ्या हातात नॅप्रोक्सेनच होतं. दोन महिने काम करून मी निघाले तिथेच परत आले होते.

१३ ऑक्टोबर

आयआर मिळाला. साक्याचा नाही, २ सप्टेंबरच्या 'हायड्राझाइड'चा, जो मी आधीच घ्यायला हवा होता. १७३६ ला उंच, ताठ शिखर. ते एस्टरच्या कार्बोनिलचं. हायड्राझाइडचं १६५० च्या अलीकडे-पलीकडे यायला हवं आणि ३३०० कडे एनएचच्या रेषा. होत्या, पण उगाच असल्यासारख्या. बाटलीत बहुतेक एस्टरच होता. चार तासांत रिॲक्शन पुरी झालीच नव्हती. पुढे अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये त्या एस्टरचं विघटन झालं आणि आम्ल घातल्यावर नॅप्रोक्सेन खाली बसलं. कागद फिकट तपकिरी झाला तो जेवढं थोडं हायड्राझाइड होतं तेवढ्यापुरता.

मग मासमध्ये २४५ कसं आलं?

सरांच्या खोलीत फळ्यावर मांडलं. एस्टरचा मेथॉक्सी गट : ऑक्सिजन १६, कार्बन १२, तीन हायड्रोजन. ३१. हायड्राझाइडचा एनएचएनएच२ : दोन नायट्रोजन २८, तीन हायड्रोजन. ३१. एस्टर २४४, हायड्राझाइड २४४. नायट्रोजनच्या सम-विषम नियमानेही फरक कळत नाही, कारण नायट्रोजन दोन आहेत. फरक आहे तो दशांशाच्या दुसऱ्या घरात, साध्या यंत्राला न दिसणारा.

सरांनी खडू घेतला आणि माझ्या आकड्यांखाली इलेक्ट्रॉन मोजले. मेथॉक्सीत आठ, सहा आणि तीन, १७. दुसऱ्यात सात, एक, सात, दोन, १७. ऑक्सिजनच्या जागी एनएच आणि मेथिलच्या जागी एनएच२. ग्रिमच्या दोन ओळी एकामागे एक. "तुझ्याच टेबलासमोर लावलाय की तो तक्ता," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मला खूप वाईट वाटलं आणि त्याच वेळी हे इतकं नेमकं आहे याचं भानही आलं. जो नियम पाठ केला होता तो माझ्याच फ्लास्कमध्ये होता. दोघांचं वजन एक, इलेक्ट्रॉन एक, पण कार्बन डायसल्फाइडशी बोलायला टोकाचा मोकळा एनएच२ लागतो आणि तो मेथॉक्सीजवळ नाही.

संध्याकाळी सुब्बारावांविषयी वाचलं. आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत होते. त्यांच्या गटाने फॉलिक आम्लाच्या एका ओएचच्या जागी एनएच२ आणून अमिनोप्टेरिन बनवलं. पुन्हा ग्रिमचीच ओळ. एन्झाइम त्याला फॉलिक आम्ल समजून धरतं आणि सोडत नाही. १९४८ मध्ये फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना ते दिलं आणि काहींचा आजार काही काळ हटला. त्याच वर्षी सुब्बाराव गेले. आजच्या दिवशी हे वाचायला मिळालं, बरं झालं.

१५ ऑक्टोबर, रविवार

आप्पांनी आर्ट सिल्कचं ते राहिलेलं बोलणं आज पुरं केलं. मी घडलेलं सांगितलं तेव्हा आत जाऊन एक जुनी साडी घेऊन आले. अंग एका सुताचं, काठ दुसऱ्या. रेशीम महागलं तेव्हा काठाला त्याच डेनियरचं स्वस्त सूत घेतलं होतं. "जाडी तीच हुती. धोट्याला कळलं नाही, फणीला कळलं नाही, मला बी कळलं नाही. गिऱ्हाइकानं पाण्यात घातली तवा कळलं." काठ आखडून गोळा झाला होता, बोटभर अंतरावर चुणी. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि चुण्या सरळ करून पाहायला सांगितलं. होत नाहीत. त्या खेपेच्या सगळ्या साड्या परत आल्या होत्या.

डेनियर म्हणजे ठरावीक लांबीच्या धाग्याचं वजन. माझंही वजनच चुकवून गेलं.

२ ते ४ नोव्हेंबर

नवी बाटली, नवी रिॲक्शन, पूर्ण दहा तास. दर दोन तासांनी टीएलसी, माल अगदी थोडा लावून. वरचा ठिपका पूर्ण गेल्यावरच ओतलं. त्याच दिवशी आयआर, सरांनी यंत्रवाल्यांना सांगून मधली वेळ मिळवून दिली. १७३६ ला सपाट. एनएमआरही पाठवला, त्यात हायड्रोजन कुठल्या गटात आहेत ते कळतं; एस्टरचा मेथॉक्सी ३.७ च्या जवळ दिसायला नको. नॅफ्थॅलिनवरचा मेथॉक्सी ३.९ कडे आहे तो राहणारच.

२४ नोव्हेंबर

लेड अ‍ॅसिटेटचा कागद पाच मिनिटांत काळाकुट्ट. मी तो वाळवून वहीत चिकटवला आहे.

सहा तासांनी नवा कागद धरला, तो पांढरा राहिला. आम्ल घातल्यावर बसलेला साका फिकट पिवळसर. मास २८७, हिशोबाप्रमाणे. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतो, आम्लाने परत बसतो, म्हणजे आम्ल आहे. आयआरमध्ये २५५० ते २६०० दरम्यान एसएचची खूण नाही, एनएच आहे. घनरूपात तो थायोल (गंधकावर हायड्रोजन) नसून थायोन (हायड्रोजन नायट्रोजनवर) आहे, कागदावर आपण कसाही काढला तरी.

११ डिसेंबर

आनंद टिकला नाही. सरांनी विचारलं, "एस कुठं गेला?"

नॅप्रोक्सेन हे एकाच हाताचं औषध आहे. त्याच्या मधल्या कार्बनवर चार वेगळे गट आहेत म्हणून उजव्या-डाव्या हातांसारखी त्याची दोन रूपं होतात, एस आणि आर. बाजारात फक्त एस रूप येतं, कारण जोर त्यातच आहे. क्लोरोफॉर्ममध्ये त्याचं विशिष्ट वळण, म्हणजे ध्रुवित प्रकाश किती वळतो ते, साधारण अधिक ६६ अंश. आणि मी त्याच कार्बनशेजारी सगळी मोडतोड करून, आम्लारीत तासन्‌तास उकळून काढलं. त्या कार्बनवरचा हायड्रोजन सुटून परत बसला तर एसचा आर होतो. आयआर, मास, साधा एनएमआर, टीएलसी यांपैकी कुणालाही ते दिसत नाही.

उपाय म्हणून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या जागी ट्रायएथिलामिन वापरून एक खेप करायची. कमी जोराचं आम्लारी, वेळ जास्त लागेल.

१८ जानेवारी २०२४

संक्रांत झाली. ट्रायएथिलामिनची खेप दोन दिवस चालली, माल कमी मिळाला. मेल्टिंग पॉइंट दोन्ही खेपांचे जवळपास. पोलरीमीटरवर एकाच तीव्रतेची दोन्ही द्रावणं पाहिली. पहिल्या खेपेचं वळण दुसऱ्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे पहिल्या खेपेत आर शिरला आहे हे नक्की. दुसरी शंभर टक्के शुद्ध आहे असं मात्र यातून म्हणता येत नाही. त्याला कायरल एचपीएलसी, म्हणजे एस आणि आर वेगळे करून मोजणारी चाचणी, लागेल. प्रबंधात हे असंच लिहिणार.

१० फेब्रुवारी

डॉकिंग, म्हणजे संगणकावर रेणू एन्झाइमच्या जागेत बसवून पाहणं. नॅप्रोक्सेन बसलेल्या सीओएक्स-२ (सायक्लोऑक्सिजनेसचं दुसरं रूप) ची ३एनटी१ ही रचना घेतली. आधी नॅप्रोक्सेनलाच काढून परत बसवून पाहिलं, तो आपल्या जागी गेला. मग माझा रेणू. कडं आर्जिनिन १२० कडेच वळतं, पण गंधक ऑक्सिजनपेक्षा जाड आहे, त्यामुळे नॅफ्थॅलिन बोगद्यात किंचित वर सरकतं. स्कोअर चांगला आला. तो मी लिहीन, पण स्कोअर म्हणजे औषध चालतं असा पुरावा नव्हे.

अर्ध्या उदासीनीकरणाचा पीएचही मोजला, निम्म्या इथेनॉलात, नॅप्रोक्सेन आणि नवा रेणू शेजारी-शेजारी. आकडे जवळ आले, तंतोतंत नाही. आम्लपणा टिकला, एवढं म्हणता येतं.

२ मार्च

अल्ब्युमिनच्या चाचणीवरून मैत्रिणीशी वाद. अंड्याचा पांढरा बलक तापवून किती गढूळ होतो ते मोजायचं आणि गढूळपणा कमी झाला की 'दाहशामक गुण सिद्ध' लिहायचं. स्वस्त आहे, सगळे करतात. माझं म्हणणं, अल्ब्युमिनला चिकटणारा कुठलाही रेणू त्याला थोडा स्थिर ठेवणारच. सायक्लोऑक्सिजनेसशी त्याचा काय संबंध? ती म्हणाली, परीक्षकांना काहीतरी आकडा लागतो. मी चाचणी केली नाही. एन्झाइमची चाचणी बाहेर पाठवण्याएवढे पैसे या वर्षी नाहीत. त्यामुळे प्रबंधात क्रियाशीलतेचं प्रकरणच नसेल. सर हो म्हणाले.

२३ एप्रिल

तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी अयशस्वी खेपेचं पान उघडून अर्धा तास त्यावरच विचारलं. कागद का फिकट राहिला, मिश्र मेल्टिंग पॉइंट कसा घेतला, ३१ चा हिशोब फळ्यावर करून दाखवा.

काम पुढे निपाणीची एक मुलगी घेणार आहे. तिला त्याच जागी टेट्राझोल बसवायचा आहे : अमाइड, मग नायट्राइल, मग सोडियम अ‍ॅझाइड. दुपारी तिच्याबरोबर बसले. २०१८ मध्ये लोसार्टनच्या घराण्यातल्या वल्सार्टनच्या काही खेपांत एनडीएमए ही कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी सापडली ती याच पायरीमुळे, हे तिला सांगितलं. डीएमएफ या द्रावकात अ‍ॅझाइड वापरायचं आणि उरलेलं नायट्राइटने नष्ट करायचं, तर डीएमएफमधून सुटणारं डायमेथिलामिन त्या नायट्राइटला भेटतं आणि एनडीएमए बनतं. आणि अ‍ॅझाइडवर आम्ल पडलं तर हायड्राझोइक आम्लाचा विषारी, स्फोटक वायू निघतो. तिने विचारलं, "अक्का, पहिल्यांदा काय करू?" मी म्हटलं, आयआरची तारीख आत्ताच घेऊन ठेव.

उरलेला माल दोन बाटल्यांत : ट्रायएथिलामिनचा ०.८२ ग्रॅम, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा १.३ ग्रॅम, दुसऱ्यावर लाल शाईने 'अंशतः रेसिमिक', म्हणजे एसमध्ये आर मिसळलेला. दोन्ही फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. सोडियम अ‍ॅझाइडला धातूचा चमचा लावायचा नाही, हे तिच्या वहीच्या पहिल्या पानावर मी स्वतः लिहून दिलं.